दुखत नाही हो, दाबल्यासारखं होतंय

"छातीत दुखतंय का?" असं मी विचारलं तर काकांनी ठाम मान हलवली. नाही म्हणे. कपाळावर घाम, कॉलर भिजून चिंब, उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध घट्ट दाबून धरलेली आणि वर म्हणतायत दुखत नाही. आमच्या ॲम्ब्युलन्सला कॉल तर छातीत दुखतंय म्हणूनच आला होता, फोन मुलाने केलेला, तो शेजारी उभा राहून माझ्याकडे असा बघत होता की आता तुम्हीच काय ते बघा. मग मी जरा वेगळं विचारलं, की काका छातीत नेमकं होतंय काय, तर म्हणाले, "दुखत नाही हो सिस्टर, दाबल्यासारखं होतंय. कुणीतरी वर बसलंय असं."

आपल्याकडे दुखतो तो गुडघा, दात, डोकं. छातीत जे होतं त्याला लोक दुखणं म्हणतच नाहीत. आवळल्यासारखं होतं, गच्च होतं, जळजळतं, कळ येते, भरून आल्यासारखं वाटतं, जीव घाबराघुबरा होतो, आणि बऱ्याचदा नुसतंच "काहीतरी होतंय". आमच्या गाइडलाइनच्या पानावर मोठ्या अक्षरात 'छातीत दुखणे' असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात दाब, जडपणा, अस्वस्थता वगैरे सगळं असतं, पण घाईच्या वेळी बारीक अक्षर वाचतंय कोण. सुरुवातीच्या वर्षांत मी 'दुखतंय का – नाही' असं टिक करून एकदोनदा पुढे गेलेली आहे. आता तो प्रश्नच विचारत नाही. छातीत काय होतंय एवढंच विचारते आणि गप्प बसते, आणि पेशंटचा हात बघते. मूठ छातीवर दाबून धरणं याला डॉक्टरांच्या भाषेत सॅम्युअल लेव्हाइन या अमेरिकन हृदयतज्ज्ञाचं नाव दिलंय, लेव्हाइन साइन. मूठ दिसली म्हणजे अटॅकच असं अजिबात नाही, पण तोंड नाही म्हणत असताना हात काय सांगतोय ते बघून ठेवावं.

थोडं आमच्या कामाबद्दल, कारण लोकांना वाटतं ॲम्ब्युलन्स म्हणजे सायरन आणि स्पीड. स्वीडन, नेदरलँडसारख्या देशांत ॲम्ब्युलन्समध्ये रीतसर नर्स असते, बाकी ठिकाणी पॅरामेडिक असतात, कुठे डॉक्टर असतो, पण गाडीत जो कोणी असतो त्याची गत तीच. मागे पेशंट, पुढे ड्रायव्हर, आणि निर्णय घ्यायला तुम्ही. वॉर्डात नर्सला औषध द्यायचं तर डॉक्टरची ऑर्डर लागते. गाडीत ती ऑर्डर आधीच लिहून ठेवलेली असते, तिचंच नाव गाइडलाइन. छातीत असं असं होत असेल, बीपी एवढं असेल, ॲलर्जी नसेल तर हे दे, नाहीतर देऊ नको. बाहेरून बघणाऱ्याला हे पायात घातलेल्या बेडीसारखं वाटतं, पण त्या कागदाच्या जोरावरच मी रात्री दोन वाजता एका अनोळखी माणसाच्या शिरेत मॉर्फिनसारखं जबरदस्त वेदनाशामक देऊ शकते.

आणि तो कागद तसा सोपाच आहे. पोचल्यापासून दहा मिनिटांत बारा लीडचा ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा बारा बाजूंनी काढलेला आलेख. ॲस्पिरिन चघळायला, दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम. बीपी ठीक असेल तर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. शीर पकडून ठेवायची. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशीन, हाताशी, कारण पहिल्या तासाभरात हृदय अचानक फडफडायला लागलं तर दुसरं काहीच कामाचं नाही. दुखणं शून्य ते दहा यांत किती ते विचारायचं. ईसीजीत मोठा अटॅक दिसला तर कॅथलॅब (जिथे हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडतात ती जागा) असलेल्या हॉस्पिटलला आधीच कळवायचं आणि थेट तिकडेच जायचं. आणि मग एक शेवटची ओळ, दर थोड्या वेळाने हे सगळं परत बघायचं, परत विचारायचं. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, मी तिच्याकडे येणार आहे.

ईसीजीबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण 'ईसीजी काढला' या दोन शब्दांत खूप काही झाकलं जातं. छातीवरचा पहिला इलेक्ट्रोड चौथ्या फटीत लावायचा असतो, छातीच्या मधल्या हाडाला लागून उजव्या बाजूला, दुसरा तसाच डाव्या बाजूला. फट म्हणजे दोन बरगड्यांमधली जागा. ती नजरेने सापडत नाही, बोटाने मोजावी लागते. गळ्याखाली जी खळगी असते तिथून बोट हाडावरून खाली सरकवत न्यायचं, थोड्या अंतरावर एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी, मग तिसरी, मग चौथी. दहा-बारा सेकंदांचं काम. पण घाई असली, पेशंट जाड असला, नातेवाईक डोक्यावर उभे असले की माणूस अंदाजाने चिकटवून टाकतो आणि ते हमखास वर जातात, आणि मग कागदावर उमटलेलं चित्र भलतंच काहीतरी दाखवतं, कधी नसलेला जुना अटॅक दिसतो. त्यात घाम. घामावर स्टिकर टिकत नाही, गॉझने खसखसून पुसावं लागतं, केस असतील तर रेझर मारावा लागतो. आणि बाई असेल तर तो एक वेगळाच विषय, चौथा इलेक्ट्रोड स्तनाखाली जायला पाहिजे, तर संकोचाने लोक तो वरच्यावर लावून मोकळे होतात. मी आधी सांगते, ताई, मला इथे हात लावावा लागणार आहे, चादर टाकते वरून. मग हाताची मागची बाजू वापरून स्तन अलगद वर करते आणि खाली चिकटवते. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. संकोच बहुतेक वेळा आमचाच असतो.

१९०५ साली नेदरलँडमधल्या लायडनमध्ये, ईसीजीचं मशीन बनवणाऱ्या विलेम आइंटहोवेन यांनी हॉस्पिटलातल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीडेक किलोमीटरवरच्या आपल्या लॅबमध्ये घेतला होता, कारण मशीन एवढं अवाढव्य की ते पेशंटपर्यंत नेणं शक्यच नव्हतं. १९६५ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला फ्रँक पँट्रिज या हृदयतज्ज्ञांनी गाडीत ठेवण्यासारखा पहिला डिफिब्रिलेटर बनवला तो सत्तर किलोचा, कारच्या बॅटरीवर चालणारा, आणि पुढच्या वर्षी ते आणि त्यांची टीम तो घेऊन पेशंटकडे जायला लागली. तोपर्यंत अटॅकचा पेशंट हॉस्पिटलला पोचला तरच उपचार, आणि बरेच जण त्याच्या आधीच जायचे. आज दोन्ही मशीनं मिळून एका हातात मावतात, मी बटण दाबते आणि ईसीजी कॅथलॅबला जातो, नेटवर्क असेल तर.

ऑक्सिजनची गोष्ट माझी स्वतःची कबुली आहे. आम्ही शिकलो तेव्हा 'मोना' होती, मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट (म्हणजे तेच नायट्रोग्लिसरीन), ॲस्पिरिन यांची इंग्रजीतली पहिली अक्षरं. छातीत दुखलं की मोना, डोळे झाकून. मास्क लावला की पेशंटला बरं वाटायचं, नातेवाइकांना तर फारच बरं वाटायचं, काहीतरी सुरू झालं ना. मग २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला, ज्यांचा ऑक्सिजन मुळात चांगला होता अशा मोठ्या अटॅकच्या पेशंटना वरून ऑक्सिजन दिल्यावर हृदयाचा खराब झालेला भाग उलट जास्त निघाला. २०१७ मध्ये स्वीडनमधून ६,६२९ पेशंटचा अभ्यास आला, ऑक्सिजन दिला काय न दिला काय, वर्षभरातल्या मृत्यूंत फरक नाही. गाइडलाइन बदलली, आता बोटावरचं रीडिंग नव्वदच्या खाली असेल तरच द्यायचा. मी ते वाचलं, ट्रेनिंगला बसले, परीक्षेत बरोबर लिहिलं, आणि पुढच्याच आठवड्यात सत्त्याण्णव रीडिंग असलेल्या एका आजोबांना मास्क लावला. हात गेला आपोआप. त्यांची सून म्हणाली, "ऑक्सिजन लावा ना," आणि माझ्याकडे नाही म्हणायला शब्दच नव्हते. औषध देणं सोपं असतं हो. पाच जणांच्या देखत न देता नुसतं उभं राहणं, यासाठी वेगळा दम लागतो. आता मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवते आणि सांगते, हा आकडा बघा, यांना हवेतूनच भरपूर मिळतोय, जास्त दिला तर फायदा नाही. मग त्या आकड्याकडे बघत बसतात बिचारे, त्यांनाही काहीतरी काम मिळतं.

ॲस्पिरिनच्या बाबतीत उलटं. एवढीशी स्वस्त गोळी म्हणून तिला कोणी मान देत नाही. १९८८ च्या आयसिस-टू अभ्यासात सतरा हजारांवर पेशंट होते, आणि नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. आणि ती चघळायची, पाण्याबरोबर गिळायची नाही, पेशंट हटकून गिळायला जातात.

नायट्रोग्लिसरीनची तऱ्हा सगळ्यात विचित्र. १८४७ मध्ये सोब्रेरो नावाच्या इटालियन केमिस्टने ते बनवलं, नोबेलने त्यातून डायनामाइट काढलं, आणि म्हातारपणी त्याच नोबेलला डॉक्टरांनी हृदयासाठी तेच घ्यायला सांगितलं, हा नशिबाचा विनोद त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलाय. आम्ही ते जिभेखाली स्प्रे करतो. त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो प्रश्न फॉर्मवर जेवढा सरळ दिसतो तेवढा खोलीत नसतो. लैंगिक ताकदीची गोळी घेतलीये का. सिल्डेनाफिल चोवीस तासांत किंवा टॅडालाफिल अठ्ठेचाळीस तासांत घेतलेलं असेल आणि वर हा स्प्रे मारला तर बीपी धाडकन कोसळू शकतं. आता खोलीत बायको, मुलगा, सून, शेजारी, आणि मी साठीच्या माणसाला हे विचारायचं. माझा एक सहकारी तो प्रश्न सरळ गाळायचा, म्हणायचा या वयात कसलं काय. या वयातच तर, बाबा. मी मुलाला लिफ्ट थांबवून धरायला पाठवते, सुनेला आधीच्या औषधांची पिशवी आणायला, बायकोला जुने रिपोर्ट काढायला, आणि खोली रिकामी झाली की कानाशी जाऊन विचारते. आणि 'ती गोळी' असं मोघम न म्हणता नाव घेऊन विचारते. बायकांनाही विचारते, कारण फुफ्फुसांतलं प्रेशर वाढण्याच्या आजारात सिल्डेनाफिल बायकाही घेतात. गाइडलाइनमध्ये प्रश्न लिहिलेला असतो, सुनेला कुठे पाठवायचं ते लिहिलेलं नसतं.

आता तो प्रसंग जो मला विसरता येत नाही. कॉल आला 'अशक्तपणा' म्हणून. मावशी पासष्टीच्या पुढच्या, बरीच वर्षं डायबेटिस, गळून गेल्यासारख्या बसलेल्या, म्हणाल्या जबडा जरा ठणकतोय, मळमळतंय, पित्त झालं असेल, तुम्हाला उगाच त्रास दिला मुलीने. छातीत? छातीत काही नाही. मी शुगर बघितली, बीपी बघितलं, थोडं कमी होतं, गप्पा मारल्या, सावकाश गाडीत घेतलं. ईसीजी काढला तो गाडीत, पोचल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, तोही मॉनिटर लावतच होते म्हणून. कागद बाहेर आला आणि माझ्या पोटात गोळा आला, हृदयाच्या खालच्या भागाचा मोठा अटॅक, डोळे मिटूनही ओळखावा असा. उजव्या बाजूच्या लीड लावून बघितल्या, तिकडेही होता, म्हणजे स्प्रे मारायचा नाही, बीपी आणखी पडेल. तो स्प्रे तरी मारला नाही. सायरन लावला, कॅथलॅबला फोन केला, त्या वाचल्या. पण ती वीस मिनिटं माझी. त्या वीस मिनिटांत मी एकही नियम मोडला नव्हता, कारण मी त्या पानावर गेलेच नव्हते, मी 'अशक्तपणा'च्या पानावर होते.

विल्यम हेबर्डन हे इंग्लिश डॉक्टर, ज्यांनी अठराव्या शतकात अंजायनाला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणाऱ्या त्रासाला, नाव दिलं, त्यांनी लिहून ठेवलंय की असे शंभरेक पेशंट पाहिले, त्यात बायका तीन. तेव्हापासून अटॅक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक पुरुषच येतो, पन्नाशीचा, छाती धरून बसलेला. बायका, म्हातारी माणसं, डायबेटिसवाले, हे त्या चित्रात बसत नाहीत, आणि त्यांच्यातही छातीत होतंच बऱ्याच जणांना, पण ते सांगतात शेवटी, आधी मळमळ, थकवा, पाठ, जबडा. गाइडलाइनमध्ये हे सगळं आहे. पण पान कुठलं उघडायचं हे ठरवताना गाइडलाइन तुमच्यासोबत नसते, तिथे तुम्ही आणि तुमच्या डोक्यातलं चित्र एवढंच असतं.

बाकी मुद्दाम मोडलेले नियम मला फारसे त्रास देत नाहीत. पेशंट उलट्या करतोय म्हणून गोळी दिली नाही, दोन्ही हातांच्या बीपीत मोठा फरक आणि कळ पाठीत फाडल्यासारखी, म्हणजे महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटल्याची शंका, म्हणून ॲस्पिरिन थांबवली. हे सगळं कारणासकट लिहिता येतं. पेशंटला पायी चालवत नेण्याचंही तसंच, चौथ्या मजल्यावरून पेशंट म्हणतो मी चालत येतो की, धडधाकट आहे, आणि ड्रायव्हरची पाठ आधीच गेलेली, तरी खुर्चीतूनच उतरवायचं, ज्या हृदयाला रक्त पुरत नाहीये त्याला जिने कसले चढाउतरायला लावता. यावर भांडण झालं तर मी भांडते. त्रास देतात ते न ठरवता सुटलेले नियम. जे कुणी मोडत नाही, फक्त राहून जातात.

आणि सगळ्यात जास्त राहून जाते ती तीच शेवटची ओळ, परत विचारा. आमच्या फॉर्मवर दुखण्याच्या आकड्याचे अनेक चौकोन असतात, पहिला नेहमी भरलेला, दुसरा कधीकधी, त्यानंतरचे कोरे. आकडा सांगणं पेशंटलाही अवघडच जातं, एक आजी म्हणाल्या होत्या, बाळंतपणाच्या कळा दहा धरल्या तर हे सहा, इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या डॉक्टरनेही दिलेलं नाही. पण एकदा आकडा मिळाला की आपण तो वस्तूसारखा जपून ठेवतो. औषध दिलं, आता बरं वाटत असणार. चेहरा शांत दिसतोय. आणि मग फोन असतो, रेडिओ असतो, शिरेची सुई बघायची असते, टॅबलेटवर फॉर्म भरायचा असतो, तो मेला भरल्याशिवाय पुढचं पानही उघडत नाही.

तर ते सुरुवातीचे काका. त्यांचा पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल होता. पहिला नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही असं होत नाही, म्हणून तर तो परत काढायचा असतो, आणि त्रास बदलला तर लगेच काढायचा. ॲस्पिरिन दिली, गोळीचा प्रश्न विचारला, स्प्रे मारला, पाच मिनिटांनी विचारलं तर सातावरून चारावर आले होते. छान. जवळच्या हॉस्पिटलला निघालो. रस्त्यात पाऊण तास ट्रॅफिक, काका डोळे मिटून पडलेले, मी फॉर्म पूर्ण केला, एकही चौकोन सोडला नाही, नंतरच्या चौकोनांतही चार, चार, चार. आपणहून. कारण चेहरा शांत होता.

हँडओव्हर देताना डॉक्टरांनी विचारलं, "आता पेन किती?"

"चार," मी म्हटलं, आणि म्हणताना मला ऐकू आलं की हा आकडा घरचा आहे. मी वाकले. "काका, आता किती होतंय? दाबल्यासारखं?"

त्यांनी डोळे उघडले, जरा विचार केला. "मघाशी किती सांगितलं होतं मी?"

"चार."

"मग सहा लिहा. बराच वेळ झाला वाढतंय, पण तुम्ही लिहीत होतात ना."

इलेक्ट्रोड छातीवर तसेच चिकटलेले होते. फक्त वायर परत जोडायची होती.